डबल अ‍ॅक्शनमध्ये ग्रुप खाली-डावीकडे फुटतो: काय बदलावं?

मधली_काळी (प्रश्न)

रिव्हॉल्व्हर .३८ स्पेशल, नळी ४ इंची, रिअर साइट फिरवता येणारी, वजन किलोच्या आसपास. उजव्या हाताने, डाव्याचा आधार घेऊन, २५ मीटरवर उभ्याने.

हॅमर (काडतुसावर ठोका देणारा मागचा भाग) अंगठ्याने चढवून सिंगल अ‍ॅक्शनमध्ये मारलं की सहा गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) ८-९ सेंटीमीटरमध्ये, मधोमध बसतो. तेच रिव्हॉल्व्हर, तीच काडतुसं, पण डबल अ‍ॅक्शनमध्ये (हॅमर न चढवता, नुसता ट्रिगर ओढून) पसारा २५ सेंटीमीटरच्या वर जातो. सहापैकी चार तरी खाली-डावीकडे, घड्याळातल्या सात-आठच्या दिशेला. ट्रिगरची ओढ काट्यावर मोजली तर डबलला ५.२ किलो आणि सिंगलला १.५ किलो भरते.

विचारायचं आहे ते असं. बोट ट्रिगरवर नेमकं कुठे टेकवायचं? एका दमात ओढायचं की मधे थांबून? हलकी स्प्रिंग बसवली तर सुधारणा होईल का? आणि तोवर साइट वर-उजवीकडे सरकवून काम भागवावं का?

माशी_आणि_खाच

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. साइटला अजिबात हात लावू नका. सिंगल अ‍ॅक्शनचा ग्रुप मधोमध बसतोय म्हणजे साइट जागेवर आहे आणि नळी-काडतुसाचं जमतंय. आता साइट सरकवली तर चूक झाकली जाईल, जाणार नाही. ज्या गोळीला ट्रिगर नीट ओढला जाईल नेमकी तीच वर-उजवीकडे जाईल, आणि चांगलं काय नि वाईट काय हे कळायची सोयच राहणार नाही.

आता हाताकडे. किलोभर वजनाची वस्तू तुम्ही पाच किलोच्या जोराने मागे ओढता आहात. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये हा जोर वजनाच्या दीडपट असतो आणि बोट अगदी थोडं सरकतं. डबलमध्ये पाचपट जोर आणि सेंटीमीटरच्या वर प्रवास. तेवढ्या वेळात हातात जे काही वाकडं होतं ते सगळं नळीच्या तोंडाशी पोचतं.

खाली-डावीकडेच का, हे आत्ता बसल्या जागी बघता येईल. मुठीत रुमालाची जाड घडी धरा आणि फक्त तर्जनी जोर लावून आत ओढा. करंगळी आणि अनामिका आपोआप आवळल्या जातात, रुमालाचं खालचं टोक चेपतं. हाताची बोटं एकत्र मिटायला शिकलेली असतात, एकट्या तर्जनीने जोर लावणं त्यांना वेगळं शिकवावं लागतं. रिव्हॉल्व्हर धरल्यावर हीच दोन बोटं ऐन वेळी दस्त्याचा तळ आवळतात, म्हणून तोंड खाली जातं. उजवी मूठ आतल्या बाजूला वळते, म्हणून डावीकडे. तुमचे सात-आठ वाजले ते इथे.

यावर उपाय म्हणजे मूठ आधीच आवळून ठेवणं, म्हणजे मधेच आवळायला काही उरत नाही. दस्ता इतका घट्ट धरा की माशी (फ्रंट साइट) थरथरू लागेल. मग थरथर थांबेपर्यंत किंचित सैल करा. हाच जोर ट्रिगरला हात घालण्याआधीपासून हॅमर पडून गेल्यावर एक सेकंदापर्यंत तसाच राहिला पाहिजे. घट्ट धरण्याचं जास्तीचं काम डाव्या हाताकडे द्या. डावा हात बाहेरून पकडून ठेवतो, तेव्हा उजव्या तर्जनीला मोकळेपणाने हलता येतं.

पकड किती वर? अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं फ्रेमच्या मागच्या बाजूला जेवढं वर बसेल तेवढं वर, पण पूर्ण मागे आलेल्या हॅमरमध्ये कातडी सापडणार नाही इतकं खाली. पकड खाली घसरली की बोट ट्रिगरला तिरकं, खालून वर ओढतं आणि ओढ आहे त्यापेक्षा जड वाटते. दोन्ही अंगठे एकावर एक, खालच्या दिशेने वाकवलेले. डावा अंगठा उजव्याच्या नखावर आला तर उत्तम.

एक गोष्ट इथे निक्षून सांगायची. पिस्तुलावर अंगठे पुढे ताणून ठेवायची सवय असेल तर ती रिव्हॉल्व्हरवर मोडा. सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) आणि नळी यांच्यात साधारण ०.१ ते ०.२ मिलीमीटरची फट असते. गोळी सुटताना तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात, आणि त्यांनी बोट सोलून निघतं. डाव्या हाताचं कुठलंही बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेपाशी जाता कामा नये.

बोट. सिंगल अ‍ॅक्शनला पहिल्या पेराची गादी पुरते. डबलला तिथे ताकद कमी पडते, म्हणून पहिल्या सांध्याची रेष किंवा तिच्या जरासं पुढे. हाताच्या मापाप्रमाणे यात दोन-तीन मिलीमीटरचा फरक पडेल. खरी कसोटी माशीची आहे. रिव्हॉल्व्हर रिकामं करून, कोऱ्या भिंतीकडे रोखून सावकाश ओढा. हॅमर पडताना माशी डावीकडे ढकलली जात असेल तर बोट थोडं आत घ्या, उजवीकडे ओढली जात असेल तर थोडं बाहेर. बोट फारच आत गेलं तर ओढीच्या शेवटी त्याचं टोक फ्रेमला किंवा उजव्या अंगठ्याला टेकतं आणि माशी नेमक्या त्या क्षणी उडी मारते. ही चूक डोळ्यांना दिसते, पण जागा लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम तपासा.

ट्रिगरच्या तोंडावर उभ्या खाचा असतील तर डबल अ‍ॅक्शनला त्या आड येतात. ट्रिगर कमानीत फिरतो, त्यामुळे बोट त्यावरून थोडं घसरलंच पाहिजे. खाचा कातडी धरून ठेवतात आणि मग बोटाबरोबर सगळं रिव्हॉल्व्हर ओढलं जातं. गुळगुळीत तोंडाचा ट्रिगर चांगला.

आता ओढ. सुरू झाली की तिचा वेग बदलायचा नाही, एवढा एकच नियम. शिकताना हॅमर पडेपर्यंत साधारण दोन सेकंद लागू द्या, पुढे ते एका सेकंदावर येतं. चार-पाच सेकंद रेंगाळलात तर हात दमतो, डोळा थकतो आणि शेवटी घाईचा झटका बसतो. बहुतेकांच्या गोळ्या जातात त्या 'आता माशी मधोमध आली, आता मारू' या विचाराने. मधोमध आलेली माशी पकडायला गेलं की बोट झडप घालतं.

माशी हलणारच. ती हललेली चालते, मागच्या साइटच्या खाचेत तिरकी झालेली चालत नाही. तुमच्या ४ इंची नळीवर दोन साइटमधलं अंतर साधारण १५० मिलीमीटर धरू. सगळं रिव्हॉल्व्हर सरळ राहून १० मिलीमीटर बाजूला सरकलं तर २५ मीटरवर गोळी १० मिलीमीटरच सरकते. पण माशी खाचेत फक्त ०.३ मिलीमीटर बाजूला गेली तर गोळी ५० मिलीमीटर दूर जाते, आणि पूर्ण एक मिलीमीटर गेली तर १६ सेंटीमीटरच्या वर. २५ मीटरच्या प्रिसिजन लक्ष्यावर १० चं वर्तुळ ५० मिलीमीटरचं आणि अख्खा काळा भाग २०० मिलीमीटरचा असतो. म्हणजे हाताच्या डोलण्याने सहसा नऊ-आठ मिळतात, काळ्याच्या बाहेर नेते ती खाचेतली तिरकी माशी. म्हणून डोळा लक्ष्यावर नाही, माशीच्या वरच्या कडेवर. तिच्या दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या पट्ट्या सारख्या आहेत का, एवढंच बघत ओढत राहायचं.

हॅमर पडल्यावर बोट लगेच सोडू नका. ट्रिगर मागेच धरून माशी कुठे उठली ते बघा, मग सोडा. आणि सोडताना पूर्ण पुढे जाऊ द्या. अर्धवट सोडून पुन्हा ओढलं तर ट्रिगर अडकतो किंवा सिलिंडर एक घर (काडतुसाची जागा) ओलांडून पुढे जातो.

दोन_टप्पे

वरच्या बाकी सगळ्याला अनुमोदन, पण 'एका दमात' हा एकच मार्ग नाही. वेळेचं बंधन नसलेल्या २५ मीटरच्या संथ नेमबाजीत दोन टप्प्यांची ओढ चालते.

ट्रिगर ओढत गेलं की सिलिंडर फिरतो आणि हॅमर सुटायच्या जरासं आधी त्याचा खिट्टा खाचेत बसतो. बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये तो 'टक्' बोटाला जाणवतो, कधी ऐकूही येतो. तिथपर्यंत एका वेगाने यायचं, अर्धा सेकंद थांबून माशी खाचेत नीट करायची आणि उरलेली थोडीशी ओढ हळूच पुरी करायची. ही शेवटची ओढ सिंगल अ‍ॅक्शनइतकी हलकी नसते, पण लांबी कमी असल्याने बिघडायला वाव कमी.

हे करायचं तर रिव्हॉल्व्हर रिकामं असताना तो टक् सहाही घरांवर एकाच जागी येतो का ते आधी बघा. एखाद्या घरावर तो उशिरा येत असेल तर थांबायची जागा दर वेळी बदलेल आणि अनपेक्षित गोळी सुटेल. थांबलेल्या अवस्थेत मत बदललं तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून ट्रिगर पूर्ण पुढे सोडा आणि पहिल्यापासून सुरू करा. त्या टोकावर ताटकळत श्वास घेत बसायचं नाही.

माशी_आणि_खाच

@दोन_टप्पे, संथ नेमबाजीत ते चालतं हे मान्य. पण हे धागाकर्त्याला आत्ता सुचवू नये असं ठामपणे वाटतं, कारण त्यांची चूक नेमकी शेवटच्या क्षणी आवळण्याची आहे. थांबलेलं बोट पुन्हा हलवायला सुरुवातीला थोडा जास्त जोर लागतो, आणि तो जोर देतानाच करंगळी आवळते. शिवाय थांबल्यावर मनाला 'आता सुटणार' हे पक्कं ठाऊक होतं, म्हणजे दचकायला आयतं निमंत्रण. आधी सलग ओढ बसू द्या. ती हाताला लागली की दोन टप्पे दोन दिवसांत येतात. उलट क्रमाने शिकलेल्यांना सलग ओढीकडे परतताना फार त्रास होतो.

आणि लांब ओढ म्हणजे नेम बिघडणारच, हा समज सोडा. एड मॅकगिव्हर्न यांनी १९३२ साली डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरने १५ फुटांवरून ०.४५ सेकंदात पाच गोळ्या मारल्या, आणि ती पाचही भोकं अर्ध्या डॉलरच्या नाण्याखाली झाकली जात होती. अंतर कमी होतं हे खरं. पण त्या वेगातही ओढ सलग आणि सरळ राहू शकते, हे त्यातून दिसतं.

पोलादी_चौकट

स्प्रिंगच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

५.२ किलो ही कारखान्यातून आलेल्या डबल अ‍ॅक्शनसाठी नेहमीचीच ओढ आहे. ती ४ किलोच्या आसपास आणता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. हॅमरची स्प्रिंग हलकी केली की प्रायमरवरचा (काडतुसाच्या बुडाशी ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवरचा) ठोका हलका होतो आणि एखादं काडतूस पेटत नाही. प्रायमरची टोपी कंपनीगणिक कमी-जास्त कडक असते, त्यामुळे एका पेटीला चालणारी स्प्रिंग दुसऱ्या पेटीला दगा देते. ट्रिगर परत ढकलणारी स्प्रिंग फार हलकी केली तर ट्रिगर आळसटल्यासारखा पुढे येतो, आणि वर सांगितलेलं अर्धवट सुटणं सुरू होतं. चपट्या पट्टीची स्प्रिंग असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये दस्त्याच्या पुढच्या बाजूला तिला ताण देणारा स्क्रू असतो. ओढ हलकी व्हावी म्हणून तो सैल करणारे बरेच भेटतात. तो पूर्ण आवळलेलाच असायला हवा. सैल ठेवला तर गोळीच्या धक्क्यांनी आणखी फिरतो आणि मग ठोके चुकतात.

स्प्रिंग कापू नका. आतल्या सिअरच्या (चढवलेला हॅमर अडकवून धरणाऱ्या भागाच्या) कडेला कानस लावू नका. तिथे दहावा हिस्सा मिलीमीटर जास्त गेलं तर चढवलेला हॅमर धक्क्याने पडू शकतो. हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराचं. त्याच्याकडून घासणाऱ्या बाजू गुळगुळीत करून घेतल्या तर वजन फारसं न बदलताही ओढ सुधारते. अडखळणारी ४ किलोची ओढ एकसारख्या ५ किलोच्या ओढीपेक्षा वाईट असते. म्हणून आधी स्प्रिंग नाही, सफाई आणि तपासणी.

तपासणीआधी सिलिंडर उघडून सहाही घरं डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

हॅमर अंगठ्याने अगदी सावकाश चढवत, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकेच टेकवून किंचित अडथळा द्या. हॅमर पूर्ण मागे अडकायच्या आत सिलिंडर खाचेत बसला पाहिजे. सहाही घरांवर असंच करा. एखाद्या घरावर हॅमर अडकला तरी सिलिंडर बसलेला नसेल तर ते घर नळीच्या रेषेत येत नाही, आणि त्याची गोळी नेहमी एकाच बाजूला भरकटते. सिलिंडर पुढे-मागे हलवून बघा, जाणवण्याइतका खुळखुळत असेल तर कारागिराला दाखवा. नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे गोळी घरातून उडी मारून नळीत शिरते, शिशाची राखाडी पपडी धरली आहे का तेही बघा. साधी शिशाची गोळी वापरत असाल तर तिथे पपडी धरतेच, आणि ग्रुप हळूहळू पसरत जातो. पितळी ब्रशने निघते. लोखंडी ब्रश नको.

मधली_काळी

खूप आभार. साइट जशीच्या तशी ठेवली आहे. रिकाम्याने भिंतीसमोर ओढून बघितलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पकड आधीच आवळल्यावर माशीची उडी जवळजवळ निम्मी झाली, पण हॅमर पडताना ती अजून किंचित खाली बुडते. दुसरं म्हणजे सहापैकी दोन शेजारच्या घरांवर ओढ मधेच जड लागते, वाळूचा कण अडकल्यासारखी. तपासणीत सिलिंडर सहाही घरांवर वेळेत बसतो. हे कशामुळे? आणि तिसरी अडचण, पाचव्या-सहाव्या ओढीपर्यंत माशी धूसर दिसायला लागते.

पोलादी_चौकट

शेजारची दोन घरं आणि कणासारखी जडता, म्हणजे आधी एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) खाली बघा. सिलिंडर उघडा, तोंड वर करून एक्स्ट्रॅक्टरची कांडी दाबून धरा. चांदणीच्या आकाराचा जो भाग बाहेर येतो त्याच्या पोटाला आणि सिलिंडरवरच्या त्याच्या बैठकीला न जळलेल्या दारूचे कण चिकटलेले असतील. मिरपुडीएवढे, पिवळट किंवा करडे. एवढासा कण चांदणीला एका बाजूने केसभर उचलतो, ती मागच्या भिंतीला घासते, आणि सिलिंडर फिरताना नेमक्या त्या बाजूची एक-दोन घरं जड होतात. कोरड्या टूथब्रशने पोट आणि बैठक दोन्ही झाडा. तेल लावू नका, तेल पुढचे कण धरून ठेवतं.

पुढे हे होऊ नये यासाठी रिकाम्या पुंगळ्या काढताना तोंड आभाळाकडे करून कांडी एका जोरदार फटक्यात दाबा. तोंड खाली असताना दाबलं तर न जळलेले कण घरातून थेट चांदणीखाली पडतात. अर्धवट दाबली तर पुंगळीची कडा चांदणीखाली अडकते, तो वेगळाच त्रास.

सफाईनंतरही जड लागलं तर कांडी सैल झाली आहे का बघा. बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ती आट्यांनी बसवलेली असते, फिरून लांब होते आणि पुढच्या कुलपाला घासते. मग सिलिंडर उघडायलाही कष्ट पडतात. आवळायच्या आधी आटे कोणत्या बाजूचे ते बघा, काहींचे उलटे असतात. आणि आवळताना घरांत रिकाम्या पुंगळ्या भरा, नाहीतर चांदणीवर पीळ पडतो.

फक्त भरलेलं असतानाच जड लागत असेल, तर दोष काडतुसांचा. पूर्ण न बसलेला, उचललेला प्रायमर मागच्या भिंतीला घासतो. काडतूस सपाट टेबलावर उभं करा, डुलत असेल तर ते बाजूला ठेवा.

जवळचा_चष्मा

धूसर माशीबद्दल. डोळा एकाच जागी सात-आठ सेकंदांहून जास्त रोखला की प्रतिमा फिकी पडते, हा डोळ्याचा स्वभाव आहे. रिव्हॉल्व्हर खाली आणा, दूर कुठेतरी बघा, दोन श्वास घ्या, पुन्हा उचला. न सुटलेली गोळी वाया गेलेली नसते.

चाळिशीनंतर जवळ-दूर बदलायची डोळ्याची ताकद कमी होते, तेव्हा विश्रांतीने भागत नाही. नेत्रतज्ज्ञाला डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजून द्या, हात लांब करून सुतळीने मोजलेलं. दूरच्या नंबरात साधारण +०.५० ते +०.७५ मिळवलेली काच पुष्कळांना चालते. माशी धारदार आणि लक्ष्य थोडं धूसर दिसलं पाहिजे. वाचायचा चष्मा यासाठी फार जास्त होतो, त्याने लक्ष्याचा गोळा पार विरघळतो. डावा डोळा मिटू नका, मिटल्याने उजव्यावर ताण येतो. त्या डाव्या डोळ्यासमोर अर्धपारदर्शक कागदाचा तुकडा लावा.

माशी चमकत असेल तर तिची मागची बाजू काळी करा. एका अंगाने ऊन पडलं की चमकणारी कड रुंद भासते, नेमबाज तिला मधोमध आणायला जातो आणि गोळी सरकते.

माशी_आणि_खाच

हॅमर पडताना 'किंचित बुडते', तेच आता उरलेलं काम. त्यावर दोन सराव.

पहिला घरी, गोळीशिवाय. सपाट रिबच्या नळीवर, माशीच्या अगदी मागे एक नाणं ठेवा आणि कोऱ्या भिंतीकडे रोखून ओढा. नाणं न पडता सलग दहा ओढी. पडलं तर मोजणी शून्यापासून. भिंतीवर ठिपका काढू नका, ठिपका दिसला की डोळा माशी सोडून तिकडे धावतो. रोज १५ मिनिटं, तीस-चाळीस ओढी पुरेत. बोट थकल्यावर केलेल्या ओढी चुकीची सवय लावतात. .२२ रिमफायर रिव्हॉल्व्हर असेल तर रिकामा हॅमर पाडू नका, पिन (हॅमरचा ठोका काडतुसापर्यंत नेणारी खीळ) घराच्या कडेवर आपटून ती कड चेपते. डमी (दारू नसलेलं नकली काडतूस) वापरा. ज्या जुन्या रिव्हॉल्व्हरची पिन हॅमरवरच असते तिथेही डमी बरी.

दुसरा रेंजवर, आणि यात रिव्हॉल्व्हरसारखं साधन नाही. तीन खरी काडतुसं, तीन रंगीत डमी. सोबत्याला भरायला सांगा, किंवा स्वतः भरून, नजर दुसरीकडे ठेवून सिलिंडर हाताने फिरवा आणि बंद करा. कुठलं घर भरलेलं ते ठाऊक नाही. डमीवर हॅमर पडेल तेव्हा माशी कुठे गेली ते लख्ख दिसतं, कारण धक्का तिला झाकत नाही. बुडाली तर ती तुमच्या हाताने बुडवली. खट् झाल्यावर लगेच पुढची ओढ नको, तोंड लक्ष्याकडे ठेवून थोडं थांबा. न पेटलेलं काडतूस उशिराही सुटू शकतं. सहा झाल्यावर उघडून मोजा, तिन्ही खऱ्यांच्या पुंगळ्या रिकाम्या आहेत का बघा.

काडतूस म्हणून .३८ चं १४८ ग्रेन (साधारण ९.६ ग्रॅम) वॅडकटर घ्या. सपाट तोंडाची ही गोळी हलक्या दारूवर सेकंदाला सुमारे २१५ मीटर वेगाने जाते, धक्का कमी, आणि कागदात पंचने पाडल्यासारखं गोल भोक पडतं, त्यामुळे ग्रुप मोजायला सोपा. मात्र दारू हलकी असल्याने एखाद्या वेळी आवाज फुसका आला आणि धक्का जाणवला नाही तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यावर पुढची मारली तर नळी फुगते. रिकामं करून, नळीतून कांडी आरपार जाते का बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. वजन बदललं की साइट पुन्हा लावावी लागते. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर तोंड धक्क्याने वर गेलेलं असतं, म्हणून ती वर लागते. हलकी आणि वेगवान खाली.

अंतराचा क्रम असा ठेवा. ७ मीटरवर साध्या कोऱ्या कागदावर, काळा गोळा नसलेल्या. सहाही डबल अ‍ॅक्शन गोळ्या ५ सेंटीमीटरमध्ये आल्या की १५ मीटर. तिथे १० सेंटीमीटरमध्ये आल्या की २५. कोरा कागद यासाठी की ठरावीक जागी लागायचं ओझं नसलं की डोळा माशीवर टिकतो. दर सत्रात शेवटच्या सहा गोळ्या सिंगल अ‍ॅक्शनमध्ये मारा आणि तो ग्रुप शेजारी चिकटवून ठेवा. डबलचा ग्रुप सिंगलच्या दीडपटीत आला म्हणजे पकड आणि ओढ जमली.

पोलादी_चौकट

यात एक भर. घरांना मार्करने १ ते ६ क्रमांक घाला. टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून, सिंगल अ‍ॅक्शनमध्ये, एकाच घरातून पाच गोळ्या एका कागदावर, मग पुढच्या घराचा कागद वेगळा. सहा कागद, तीस गोळ्या. पाच कागदांचे ग्रुप एकावर एक बसले आणि सहाव्याचा बाजूला गेला तर ते घर रेषेत नाही किंवा त्याचं तोंड मापाने वेगळं आहे. .३८ ची शिशाची गोळी साधारण ९.०९ मिलीमीटर, घराचं तोंड तिच्याहून अरुंद असेल तर गोळी तिथेच दाबली जाऊन नळीत सैल जाते. असं घर सापडलं तर कारागिराकडून दुरुस्त होईपर्यंत ते रिकामं ठेवून पाच गोळ्यांची मालिका मारा, म्हणजे त्या घराची भरकटलेली गोळी बोटाच्या खात्यावर लिहिली जाणार नाही.

मधली_काळी

चांदणीखाली खरंच कण होते. बैठकीच्या एका बाजूला तीन-चार, पिवळट. झाडल्यावर दोन्ही घरं बाकीच्यांसारखी सरकतात. नाणं अजून चौथ्या-पाचव्या ओढीला पडतं, आणि ते पडतं नेहमी डावीकडे. म्हणजे बोट अजून थोडं आत घ्यायचं, बरोबर?

माशी_आणि_खाच

आधी एक खात्री करा. नाणं ओढ चालू असताना पडतं की हॅमर पडल्यावर? ओढ चालू असताना डावीकडे पडत असेल तर हो, बोट दोन मिलीमीटर आत. हॅमर पडल्यावर पडत असेल तर बोट जागेवरच राहू द्या. तेव्हा दोष डाव्या हाताचा असतो. हॅमर पडताच तो सैल पडतो, आणि उजवी मूठ नळीला आत वळवते. डावी मूठ आणखी आवळून, हॅमर पडल्यावर 'एक' म्हणेपर्यंत तशीच धरा आणि पुन्हा मोजा.